जपानमधील शेअरवेअर संगणक-खेळांचे पुनःशोधन आणि जतन : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

वैयक्तिक संगणकाच्या प्रसाराबरोबर जपानमध्ये हौशी निर्मात्यांनी तयार केलेल्या शेअरवेअर खेळांची एक समृद्ध परंपरा उदयास आली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढील सुमारे दोन दशके ती बहरली आणि त्यानंतर झपाट्याने विस्मृतीत गेली. अलीकडच्या काळात या खेळांचा नव्याने शोध घेतला जात आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या परंपरेचा उदय, तिची वितरणव्यवस्था, लोपाची कारणे आणि जतनाचे प्रयत्न यांचा परामर्श घेतला आहे. शेअरवेअर खेळाची फाइल हाती आली म्हणजे तो खेळ जतन झाला असे नव्हे. फाइल, नोंदणी-संकेत आणि निर्मात्याची संमती या तिन्ही घटकांचा विचार झाल्याशिवाय हे जतन अपुरे राहते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शेअरवेअर, दोजिन, पीसी-९८, नोंदणी-संकेत, डिजिटल जतन

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, दफ्तरे, पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र मानवी व्यवहाराचा एक मोठा भाग कागदावरून चुंबकीय फितीवर, फ्लॉपीवर आणि पुढे इंटरनेटवर गेला. शंभर वर्षांपूर्वीचे पत्र कपाटात पडून राहिले तरी वाचता येते. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी कपाटात पडून राहिली तर ती वाचता येईलच याची शाश्वती नसते. त्यामुळे नजीकच्या भूतकाळाची साधने दूरच्या भूतकाळातील साधनांपेक्षा अधिक वेगाने नष्ट होत आहेत, असा एक विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकांपुढे उभा राहिला आहे.

जपान हा व्हिडिओ खेळांच्या क्षेत्रातील अग्रेसर देश होय. निंतेंदो, सेगा, सोनी या कंपन्यांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. परंतु नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, रात्री घरच्या संगणकावर एकट्याने खेळ रचणाऱ्या आणि काही शे येनांच्या मोबदल्यात तो अनोळखी माणसांच्या हाती देणाऱ्या निर्मात्यांचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला. या उपेक्षेची कारणमीमांसा करणे अगत्याचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. जपानमधील शेअरवेअर खेळांच्या उदयाची पार्श्वभूमी समजून घेणे.
२. या खेळांच्या वितरणाच्या मार्गांचा आढावा घेणे.
३. त्यांच्या लोपाची तांत्रिक व सामाजिक कारणे स्पष्ट करणे.
४. पुनःशोधन व जतनाच्या प्रयत्नांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. शेअरवेअरची संकल्पना आणि जपानी पार्श्वभूमी

'आधी वापरून पाहा, उपयुक्त वाटल्यास मोबदला द्या' हे शेअरवेअरचे मूलतत्त्व होय. अमेरिकेत १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम बटन यांनी आपापल्या संगणकप्रणाली या पद्धतीने वितरित केल्या. 'शेअरवेअर' ही संज्ञा १९८३ मध्ये बॉब वॉलेस यांच्या लेखनप्रणालीमुळे रूढ झाली. पुढे अमेरिकन खेळ-उद्योगाने या तत्त्वाचे व्यापारी रूप घडवले. खेळाचा पहिला भाग मोफत द्यायचा आणि उर्वरित भाग विकायचा, ही पद्धत १९९३ मधील 'डूम' या खेळाने जगभर पोहोचवली. तेथे शेअरवेअर हे उदयोन्मुख कंपन्यांचे विक्रीतंत्र बनले.

जपानमधील परिस्थिती निराळी होती. एनईसी कंपनीने ऑक्टोबर १९८२ मध्ये पीसी-९८०१ हा संगणक बाजारात आणला. हजारो कांजी अक्षरे पडद्यावर उमटवण्यासाठी त्यात स्वतंत्र यंत्ररचनेची सोय करता येत असे. तत्कालीन अमेरिकन संगणकांना हे काम जड जात असल्याने 'पीसी-९८' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेने जपानची निम्म्याहून अधिक बाजारपेठ व्यापली. या यंत्रावर आयबीएम-सुसंगत संगणकासाठीचे खेळ जसेच्या तसे चालत नसत आणि पीसी-९८चे खेळ जपानबाहेर चालत नसत. लिपीच्या गरजेतून निर्माण झालेल्या या तटबंदीच्या आत एक स्वतंत्र सॉफ्टवेअर-संस्कृती वाढली. १९९० मध्ये आयबीएमच्या जपानी शाखेने डॉस/व्ही प्रणालीद्वारे सामान्य यंत्रावर कांजी दाखवण्याची सोय केली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये विंडोज ९५ची जपानी आवृत्ती आली, तेव्हा ही तटबंदी ढासळू लागली.

हौशी निर्मितीची बीजे त्याआधीच रुजली होती. १९८२ ते २००३ या काळात निघालेल्या 'मायकॉम बेसिक मॅगझिन' या मासिकात वाचकांनी रचलेल्या खेळांच्या आज्ञावल्या ओळीने छापल्या जात. वाचक त्या एकेक अक्षर टंकित करून घरी खेळ चालवत असत. खेळणारा आणि खेळ रचणारा यांच्यातील अंतर या सवयीने कमी केले. शेअरवेअरची पिढी याच वातावरणात घडली.

२. वितरणाचे मार्ग

एप्रिल १९८५ मध्ये जपानमधील दूरसंचार क्षेत्र खासगी व्यवसायास खुले झाले. त्याच वर्षी आस्की-नेट, १९८६ मध्ये पीसी-व्हॅन आणि १९८७ मध्ये निफ्टी-सर्व्ह या दूरध्वनीवरून चालणाऱ्या संगणकसेवा सुरू झाल्या. सभासद आपली प्रणाली या सेवांच्या सामायिक भांडारात ठेवत आणि इतर सभासद ती उतरवून घेत. जोडणी मंद असल्याने आणि दूरध्वनीचे शुल्क वेळेनुसार आकारले जात असल्याने फाइल जितकी लहान तितके बरे, अशी स्थिती होती. या निकडीतून योशिझाकी हारुयासू यांनी १९८८ मध्ये 'एलएचआर्क' ही फाइल आकसण्याची प्रणाली प्रसिद्ध केली. योशिझाकी हे व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांच्या प्रणालीमागे ओकुमुरा हारुहिको यांच्यासारख्या अन्य हौशी अभ्यासकांनी मुक्तपणे मांडलेल्या कल्पना होत्या. 'एलझेडएच' हा तिचा फाइल-प्रकार पुढे जपानी हौशी सॉफ्टवेअरचे प्रमाण वेष्टन ठरला.

मोबदला पोहोचवण्याचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होता. टपाल खात्यामार्फत वा बँकेमार्फत रक्कम पाठवणे हा एक मार्ग होता. निफ्टी-सर्व्हने याहून सुलभ व्यवस्था केली. सभासदाने निर्मात्याचा खेळ नोंदवला की त्याची रक्कम सभासदाच्या मासिक देयकात समाविष्ट होऊन निर्मात्याकडे पोहोचत असे. अनोळखी व्यक्तींमधील छोट्या रकमेचा व्यवहार त्यामुळे शक्य झाला.

प्रत्यक्ष हातोहात वितरणाचे मार्गही होते. १९७५ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या 'कॉमिक मार्केट' या मेळाव्यात हौशी चित्रकथांबरोबर पुढे 'दोजिन' म्हणजे समानधर्मी मंडळींनी स्वतः प्रकाशित केलेले खेळही विकले जाऊ लागले. नागोया येथील ब्रदर कंपनीने १९८६ मध्ये 'ताकेरू' हे सॉफ्टवेअर विकणारे यंत्र दुकानांतून बसवले. पैसे भरले की ते कोऱ्या फ्लॉपीवर निवडलेली प्रणाली उतरवून देत असे. व्यावसायिक खेळांबरोबर हौशी निर्मात्यांचे खेळही त्यावर मिळत. ही सेवा १९९७ मध्ये बंद झाली, परंतु तिच्यातील वितरणतंत्राचा अनुभव ब्रदरच्या दूरध्वनीवरून चालणाऱ्या कराओके सेवेस उपयोगी पडला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेक्टर कंपनीने हौशी सॉफ्टवेअरचे संग्रह सीडी-रॉमवर काढले आणि पुढे इंटरनेटवर जपानमधील एक प्रमुख भांडार उभे केले. मोबदला स्वीकारण्याची सोयही तिने निर्मात्यांना उपलब्ध करून दिली.

निर्मितीची साधने सुलभ झाल्यानेही या चळवळीस बळ मिळाले. आस्की कंपनीचे 'आरपीजी त्सुकूरू : दान्ते ९८' हे खेळ रचण्याचे साधन १९९२ मध्ये पीसी-९८साठी निघाले. या मालिकेच्या विंडोज आवृत्त्या १९९७ व २००० मध्ये आल्या. संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीसही त्यामुळे कथाप्रधान खेळ रचता येऊ लागला.

३. सूचनापत्र : एक प्राथमिक साधन

खेळासोबत निर्माता एक साधी मजकूर-फाइल देत असे. तिला येथे 'सूचनापत्र' म्हटले आहे. खेळाचे नियम, आवश्यक यंत्र, आवृत्त्यांचा इतिहास, निर्मात्याचे टोपणनाव, मोबदल्याची रक्कम व तो पाठवण्याचा मार्ग आणि पुनर्वितरणाच्या अटी असा मजकूर तीत असे. बहुधा शेवटी आभार आणि क्वचित निर्मितीमागील कहाणीही आढळते.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने सूचनापत्राचे मोल खेळाइतकेच आहे. बहिरंग परीक्षणात फाइलवरील दिनांक, वेष्टनाचा प्रकार आणि आवृत्ती-क्रमांक यांवरून कालनिश्चिती करता येते. अंतरंग परीक्षणात निर्माता स्वतःकडे आणि वाचकाकडे कसा पाहत होता याचा उलगडा होतो. पुनर्वितरणाच्या अटी या संदर्भात विशेष लक्षणीय आहेत. 'अन्यत्र ठेवण्यापूर्वी कळवावे', 'फाइलींत बदल करू नये', 'नियतकालिकाच्या सीडीवर घेताना परवानगी घ्यावी' अशा आशयाच्या सूचना नित्य आढळतात. म्हणजे प्रत मोफत मिळत असली तरी ती बेवारस नव्हती. ती कोठे जाते याची निर्मात्यास फिकीर होती. आजच्या जतनकर्त्यास याच अटीला सामोरे जावे लागते. ज्याला कळवायचे तो मात्र सापडत नाही.

४. लोपाची कारणे

या खेळांच्या लोपास पुढील कारणे प्रामुख्याने कारणीभूत ठरली.

पहिले कारण माध्यमांचा ऱ्हास हे होय. फ्लॉपीवरील चुंबकीय थर कालांतराने क्षीण होतो आणि दमट हवेत त्यावर बुरशी चढते. त्यातच पीसी-९८च्या फ्लॉपीची मांडणी इतरत्र रूढ असलेल्या मांडणीपेक्षा वेगळी असल्याने सामान्य फ्लॉपी-चालक ती वाचू शकत नाही. एनईसीने २००३ मध्ये या मालिकेची मागणी स्वीकारणे थांबवले.

दुसरे कारण तांत्रिक परिसर बदलणे हे होय. विंडोज ३.१साठीचे सोळा-बिटी खेळ चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत. जपानी अक्षर-संकेतप्रणाली नसलेल्या संगणकावर फाइलींची नावे व मजकूर निरर्थक चिन्हांत उमटतात. यास जपानीत 'मोजिबाके' म्हणतात. युनिकोडपूर्व मराठी टंकातील जुनी फाइल उघडल्यावर जो अनुभव येतो, त्याच जातीचा हा प्रकार होय. एलझेडएच वेष्टन उलगडणाऱ्या एका प्रमुख प्रणालीच्या निर्मात्याने २०१० मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव तिचा विकास थांबवला आणि हा प्रकार न वापरण्याचे आवाहन केले.

तिसरे कारण भांडारे बंद होणे हे होय. निफ्टीची दूरध्वनी-आधारित संगणकसेवा मार्च २००६ मध्ये संपली. याहू जपानची 'जिओसिटीज' सेवा ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाली आणि असंख्य वैयक्तिक संकेतस्थळे एकाच दिवशी नाहीशी झाली. व्हेक्टरची निर्मात्यांसाठीची संकेतस्थळ-सेवाही डिसेंबर २०२४ मध्ये थांबली. प्रत्येक वेळी पूर्वसूचना दिली गेली होती. परंतु ज्यांनी दहा-वीस वर्षांपूर्वी छंद सोडला, ज्यांचा संपर्क-पत्ता बदलला किंवा जे हयात नाहीत, त्यांच्या बाबतीत पूर्वसूचनेस अर्थ राहत नाही.

चौथे कारण केवळ शेअरवेअरला लागू पडते आणि तेच सर्वांत गंभीर आहे. सर्वत्र पसरली ती खेळाची चाचणी-प्रत. पूर्ण खेळ उघडण्यासाठी निर्मात्याकडून नोंदणी-संकेत मिळवावा लागे. काही खेळांत तो ग्राहकाच्या नावावरून विशिष्ट सूत्राने तयार होई, काहींत पूर्ण आवृत्तीची फ्लॉपी टपालाने येई, तर उत्तरकाळात इंटरनेटवरून पडताळणी होत असे. निर्मात्याने व्यवहार थांबवला की संकेताचा उगम आटतो. अशा खेळाची फाइल आज निर्दोष अवस्थेत मिळाली तरी पहिल्या एक-दोन टप्प्यांनंतर पडद्यावर नोंदणीची विनंती येते आणि खेळ थांबतो. पुढील भाग अनेकदा त्याच फाइलीत असतो, पण तो उघडून देणारा उरलेला नसतो.

५. पुनःशोधन : काय टिकले आणि का

२००० नंतर जपानबाहेरील हौशी अभ्यासक जपानी भांडारांतील याद्या चाळून खेळ शोधू लागले. भाषा येत नसल्याने अनेकदा केवळ पडद्याच्या लहानशा चित्रावरून निवड केली जाई. यातून काही खेळांना मोठी कीर्ती लाभली. आमाया दाइसुके यांनी सुमारे पाच वर्षे एकट्याने रचलेला 'दोकुत्सु मोनोगातारी' हा खेळ डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि 'केव्ह स्टोरी' या नावाने तो जगभर पोहोचला. २०१० मध्ये त्याची व्यावसायिक आवृत्ती निघाली. १९९५ मध्ये शार्पच्या एक्स६८००० संगणकासाठी निघालेला 'चोरेन्शा ६८के' हा नेमबाजीचा खेळ पुढे विंडोजवर आला. शार्पने २००० मध्ये या संगणकाची मूळ कार्यप्रणाली मोफत वितरणास खुली केली. त्यामुळे या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रणालींना वैध आधार मिळाला. १९९६ मध्ये 'दान्ते ९८'वर रचलेला 'कॉर्प्स पार्टी' हा भयखेळ २००८ मध्ये विंडोजवर आणि २०१० मध्ये सोनीच्या पीएसपीवर नव्या रूपात अवतरला.

या उदाहरणांचा बारकाईने विचार केल्यास एक बाब स्पष्ट होते. 'केव्ह स्टोरी' आणि 'चोरेन्शा ६८के' हे खेळ मोफत वितरित झाले होते. त्यांची प्रत म्हणजे पूर्ण खेळ होता. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर जात राहिली आणि मूळ संकेतस्थळावर अवलंबून राहिली नाही. 'कॉर्प्स पार्टी'च्या बाबतीत मूळ निर्माता केदोइन माकोतो हे स्वतः पुढे आले आणि त्यांनी आपल्या कृतीची पुनर्रचना केली. म्हणजे एकतर प्रत स्वयंपूर्ण होती किंवा निर्माता उपलब्ध होता. ज्या शेअरवेअर खेळांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या, ते उत्तम असूनही मागे पडले. आज दिसणाऱ्या यादीवरून त्या काळातील निर्मितीची गुणवत्ता ठरवणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. गुणवत्तेइतकाच वितरणाच्या अटींचाही त्या निवडीवर प्रभाव पडला आहे.

६. संस्थात्मक प्रयत्न आणि कायद्याची चौकट

जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने ऑक्टोबर २००० पासून सीडी-रॉमसारख्या वेष्टनबद्ध इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांना ग्रंथदानाच्या कायद्याखाली आणले. जुलै २०१३ पासून खासगी प्रकाशकांची ऑनलाइन पुस्तके व नियतकालिकेही त्या कक्षेत आली. परंतु केवळ संगणकजाळ्यातून वितरित झालेला खेळ धड वेष्टनबद्धही नाही आणि पुस्तकही नाही. शेअरवेअर नेमके या दोन तरतुदींच्या मधल्या फटीत सापडते.

क्योतो येथील रित्सुमेइकान विद्यापीठात १९९८ मध्ये खेळ-जतनाचा प्रकल्प सुरू झाला आणि २०११ मध्ये खेळांच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी टोकियोत 'गेम प्रिझर्वेशन सोसायटी' ही ना-नफा संस्था उभी राहिली. मूळचे फ्रेंच असलेले जोसेफ रेदाँ तिचे अध्यक्ष आहेत. १९८०च्या दशकातील संगणक-खेळांवर तिचा विशेष भर आहे. फ्लॉपीवरील फाइलींची केवळ नक्कल न करता चुंबकीय संकेतांचीच नोंद घेण्याची पद्धत ही संस्था अवलंबते. मूळ वस्तूची शक्य तितकी निखळ प्रतिमा राखण्याचा हा प्रयत्न हस्तलिखिताच्या छायाप्रतीशी तुलना करण्याजोगा आहे.

कायद्याच्या बाजूने मात्र अडचणी आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये जपानमधील कृतिस्वामित्वाची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे झाली. निर्मात्याची ओळख पटत नसलेल्या टोपणनावी कृतीसाठी ही मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. म्हणजे १९९५ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेला खेळ २०६५च्या अखेरीपर्यंत संरक्षित राहील. तोवर मूळ फ्लॉपी टिकण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. १९९९ पासून तांत्रिक कुलुपे ओलांडण्याच्या साधनांवर कायदेशीर बंधने आली. अनुचित स्पर्धाविषयक कायद्यातील २०१८च्या दुरुस्तीने अनधिकृत संकेत-क्रमांक पुरवण्यासही त्या कक्षेत आणले. चालू बाजारातील निर्मात्याच्या संरक्षणासाठी ही तरतूद रास्त आहे. परंतु तिच्या छायेत जुना नोंदणी-संकेत दुसऱ्यास देणाऱ्या जतनकर्त्याच्या मनात साशंकता निर्माण होणे स्वाभाविक आहे.

हक्कधारकाचा शोध लागत नसल्यास योग्य प्रयत्नांनंतर सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या निर्णयाने आणि नुकसानभरपाईची रक्कम जमा करून कृती वापरण्याची सोय जपानी कायद्यात आहे. २०२३च्या दुरुस्तीने, ज्या कृतीच्या वापराबाबत हक्कधारकाची इच्छा समजू शकत नाही अशा कृतींसाठी अधिक सुटसुटीत प्रक्रियेची तरतूद केली. शेअरवेअरच्या दृष्टीने ही तरतूद आशादायक आहे. तथापि सूचनापत्रात निर्मात्याने आपली इच्छा तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवली असेल तर ती आज कितपत बंधनकारक मानावी, हा प्रश्न कायद्यापेक्षा नीतीचा अधिक आहे. टोपणनावामागे राहण्याची ज्यांची इच्छा होती, त्यांना शोधून प्रकाशात आणणे हे जतनाच्या नावाखाली केलेले अतिक्रमणही ठरू शकते.

निष्कर्ष

१. जपानमधील शेअरवेअर खेळांची परंपरा कांजी लिपीच्या तांत्रिक गरजेतून निर्माण झालेल्या स्वतंत्र संगणक-बाजारपेठेत आणि वाचक-निर्मात्यांच्या मासिक-संस्कृतीत रुजली.

२. निर्माता आणि खेळाडू यांच्यातील विश्वासावर आधारलेली वितरणव्यवस्था हे तिचे बलस्थान होते. तीच व्यवस्था खंडित झाल्यावर तिच्या लोपास कारण ठरली.

३. मोफत खेळाची प्रत स्वयंपूर्ण असते. शेअरवेअरची प्रत अपूर्ण असते. त्यामुळे दोहोंच्या जतनास एकच निकष लावणे अयोग्य आहे.

४. जतनकार्यात खेळाची फाइल, सूचनापत्र आणि नोंदणी-संकेत यांची एकत्र नोंद व्हावयास हवी. पूर्वी मोबदला दिलेल्या ग्राहकांकडील संकेत, पावत्या आणि निर्मात्याशी झालेला पत्रव्यवहार ही दुर्लक्षित परंतु बहुमोल साधने आहेत.

५. हयात निर्मात्यांशी संपर्क साधून त्यांची संमती व आठवणी नोंदवणे हे काम फाइली गोळा करण्याइतकेच तातडीचे आहे.

समारोप

शेअरवेअर खेळाच्या शेवटी निर्माता अनेकदा खेळाडूचे आभार मानत असे. ते आभार वाचण्याचा अधिकार मोबदला देणाऱ्यालाच होता. आज जतन झालेल्या अनेक प्रतींत तो शेवटचा पडदा आहे, पण तेथवर जाण्याची वाट बंद आहे. फ्लॉपीचा थर आणि निर्मात्याचे आयुष्य या दोन्हींना मर्यादा आहे. त्यांपैकी पहिल्या मर्यादेवर तंत्रज्ञानाने काही अंशी मात केली आहे. दुसरीवर मात करण्याचा मार्ग एकच आहे : निर्माता आहे तोवर त्याच्याकडे जाऊन विचारणे. अलीकडच्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यास साक्षीदार हयात असण्याचे जे भाग्य लाभते, ते फार काळ टिकणारे नसते, याची जाणीव ठेवणे हीच या विषयाच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.